फडकं बांधलेला नळ

मी एक जुना पितळी नळ आहे. धुळ्यातल्या एका कॉलनीत, घराच्या मागच्या बाजूला, सिमेंटच्या हौदाला जोडलेला. मित्रांनो, काल माझ्या तोंडाला पुन्हा फडकं बांधलं गेलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

१९८६ साली रतिलालभाऊंनी मला बसवलं. ते सरकारी कचेरीत कारकून. हौस एकच, दारापुढे हिरवळ हवी. पण घरातल्या नगरपालिकेच्या नळाला पाणी यायचं आठ दिवसांनी. माणसांनी प्यायचं पाणी गवताला घालणं भाऊंना पटेना. मग त्यांनी न्हाणीचं नि धुण्याचं सांडपाणी वाळू, कोळसा, विटांचे तुकडे यांतून गाळून हौदात सोडलं. हौदाला मी, नि माझ्यापासून रबरी पाईप हिरवळीपर्यंत. भर उन्हाळ्यात गवत हिरवंगार राहिलं. शेजारी बघायला यायचे, माझी चावी फिरवून म्हणायचे, "पाणी कसं काचेसारखं आहे." मी फुगून जायचो. खोटं कशाला बोलू?

पाईप माझ्या तोंडावर सैल बसायचा, म्हणून भाऊंनी जुन्या धोतराचं फडकं गुंडाळून आवळून बांधलं.

"नळावर काहीतरी लिहा हो," त्यांच्या पत्नी कुंदाबाई म्हणायच्या.

"घरात सगळ्यांना ठाऊक आहे," भाऊ म्हणायचे.

पुढच्या उन्हाळ्यात पाईप तडकला. भाऊंनी तो काढून टाकला. फडकं मात्र राहिलं, तसंच माझ्या तोंडावर.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊंची थोरली बहीण भागाबाई शिंदखेड्याकडच्या खेड्यातून माहेरपणाला आली. सोबत पाच वर्षांची नात मंदा. सकाळी पितरांची नवी घागर भरायची होती. घरात साठवलेलं पाणी कशाला उपसायचं, असा चांगला विचार करून भागाबाई मागच्या अंगणात आल्या. माझं फडकं त्यांनी चाचपलं आणि त्यांना बरं वाटलं. त्यांच्या गावी गाळ अडावा म्हणून प्यायच्या नळालाच फडकं बांधत. मी अडायला हवं होतं. पण बोट लावताच वाहू लागलो.

घागरीत वाळा पडला, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, पूजा झाली. थोडाफार वास होता तोही वाळ्यानं झाकला. जेवणं माठातल्या पाण्यावर झाली. दुपारी मंदानं पाणी मागितलं तेव्हा आजीनं पूजेचं म्हणून घागरीतलं दिलं. तिनं दोन पेले घेतले.

दिवेलागणीला तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. डोळे खोल गेले. रिक्षा आली तेव्हा पोर हाकेला ओ देत नव्हती.

"अक्का, घागर कुठून भरली?" भाऊंनी विचारलं.

"मांगला नळपाईन. फडकं बांधेल व्हतं ना, भाऊ. आमनाकडे पेवाना नळलेच बांधतस."

भाऊंनी घागर अंगणात उपडी केली. मग म्हणाले, "अक्का, चूक तुमची नाही. लिहायचं माझं राहिलं."

तीन दिवस सलाईन लागली. मंदा वाचली, पण भागाबाई पुन्हा आखाजीला इथे आल्या नाहीत. भाऊंनी फडकं जाळलं आणि भिंतीवर लाल रंगानं लिहिलं, हे पाणी पिऊ नये. दर दिवाळीला भाऊ ती अक्षरं गिरवत. हिरवळ त्याच पाण्यावर वाढत राहिली.

पुढे भाऊ निवृत्त होऊन गावी गेले. चार उन्हाळे घर बंद होतं. अक्षरं उडाली. माझ्या चावीत क्षार बसले.

आता पुष्पाबाईंचं बिऱ्हाड आलंय. न्हाणीचं पाणी पुन्हा हौदात पडतंय, हे त्यांना ठाऊक नाही. वाळू कुणी धुतलेली नाही. काल पुष्पाबाईंनी मला चिंचेनं लख्ख घासलं आणि गाळ अडावा म्हणून पांढरं स्वच्छ फडकं बांधलं. परवा आखाजी आहे. गावाहून पाहुणे यायचेत.

मित्रांनो, सांडपाणी गाळून हिरवळीला जरूर द्या, त्यानं प्यायचं पाणी वाचतं. पण अशा नळावर लिहा, आणि पुसलं की पुन्हा लिहा. घरात सगळ्यांना ठाऊक असतं, पाहुण्याला नि नव्या बिऱ्हाडाला नसतं.

सहज उघडतो याचा मला जन्मभर अभिमान होता. आज मी क्षार घट्ट धरून बसलोय. पुष्पाबाईंनी दोनदा चावी पिळून पाहिली, हलली नाही. त्यांचे यजमान उद्या तेल घेऊन येणार आहेत.