मी, डोकं असलेला पुतळा

"बाँजूर, मस्य! आपल्याला काही मदत करू का?"

हा प्रश्न मला विचारला गेला, मित्रांनो. तोही 'मस्य', म्हणजे 'महाशय' म्हणत, फाडफाड फ्रेंचमध्ये आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात! विचारणारी होती आमच्या मालकांची मुलगी. "हिंमत असेल तर सगळ्यांसमोर विचारून दाखव," अशी पैज तिच्या मैत्रिणींनी लावली होती, आणि आता त्या काचेबाहेर पोट धरधरून हसत होत्या. मी काही उत्तर दिलं नाही. कसं देणार? मी कपड्यांच्या दुकानातला एक जुना पुतळा आहे.

मालक मात्र भडकले. "गिऱ्हाइकांसमोर पुतळ्याशी काय बोलतेस? रविवारी भंगारवाला येतोय. हाही जाईल आणि तुझं ते फ्रेंचही बंद!"

"पण बाबा..."

"पण नाही न् बिण नाही!"

मी आणि भंगारात?

तरुणपणी माझा काय थाट होता म्हणून सांगू! दर्शनी काचेत उभा असायचो. एका आजींनी तर मला पत्ता विचारला होता, आणि मी गप्प राहिलो तेव्हा "शिष्ट मेला!" म्हणून निघून गेल्या. याहून मोठी शाबासकी कोणती? पण उन्हानं एका गालाचा रंग उडाला, स्टूल सरकवताना अंगठा तुटला, आणि मग नवे पुतळे आले. त्यांना डोकीच नाहीत! म्हणे हीच फॅशन. मग कुणीच घेत नसलेला मोहरीच्या रंगाचा कोट चढवून मला कपडे बदलायच्या खोलीशेजारी उभं केलं.

तिथेच आमची गट्टी जमली. शाळेत शिकवलेली दुकानातली फ्रेंच वाक्यं घोकायला मुलीला गिऱ्हाईक हवं होतं, आणि बिनडोक्यांशी कोण बोलणार? मी कोट परत करायला यायचो, मोठं माप मागायचो, छोट्या मापावर रुसायचो. अर्थात माझी वाक्यंही तीच बोलायची. तिला सगळं यायचं, एक सोडून. गिऱ्हाईक म्हणालं, "ज रगार्द," म्हणजे मी नुसतं बघतोय, तर म्हणायचं, "प्रने व्होत्र ताँ," सावकाश बघा. आणि मग गप्प बसायचं. इथे तिची गाडी अडायची! मी नुसतं बघत असताना ती मला मोजे विकायची.

दोष तिचा नाही, रक्ताचा आहे. आमच्या दुकानात "नुसतं बघतोय" म्हणालात की मालक अख्खं कपाट खाली काढतात.

शनिवारी एक उंच आजोबा आत आले. मालकांनी झडप घातली. "या, या! बसा! काय दाखवू?"

"ज रगार्द, मेर्सी."

"काय म्हणाले? टेपदादा, जाडे कोट काढा!"

गळ्यात कायम टेप घालणारे आमचे विक्रेते टेपदादा जाडे काढू लागले. मग पातळ. मग छत्र्या. आजोबा एकेक पाऊल दाराकडे सरकू लागले.

"बाबा, ते नुसतं बघतायत!" मुलगी धावत आली.

"मग दाखव की!"

"दाखवू नका! कुणी काही दाखवू नका!" ती वळली. "बाँजूर, मस्य. प्रने व्होत्र ताँ."

आजोबा थांबले. हसून "बाँजूर" म्हणाले. आणि मुलीनं दोन्ही ओठ दातांत धरले. गप्प! मालकांची जीभ वळवळत होती. गल्ल्यावर बसलेल्या मालकीणबाईंनी त्यांचा शर्ट मागून घट्ट धरला. टेपदादा छत्री कवटाळून उभे. दुकानात पंख्याचा आवाज ऐकू येत होता, जो मी आजवर कधीच ऐकला नव्हता.

आजोबा फिरत फिरत माझ्यापाशी आले. कोटाची बाही चाचपली, आणि माझा हात निखळून त्यांच्या हातात आला!

"पार्दाँ, मस्य!" दचकून त्यांनी चक्क माझी माफी मागितली.

"स ने पा ग्राव्ह," काही बिघडलं नाही, असं म्हणत मुलीनं माझा हात जागच्या जागी बसवला. आजोबा खो खो हसले. मग माझा कोट अंगावर चढवला, आरशात पाहिलं, गल्ल्यावर पैसे दिले, आणि तो घालूनच बाहेर पडले.

मित्रांनो, घरातल्या जुन्या, रंग उडालेल्या वस्तूंना भंगारात काढण्याआधी जरा बोलून बघा. कुठल्याही भाषेत चालेल.

दार बंद झालं, तेव्हा मालक थक्क होऊन म्हणाले, "आपण काहीच केलं नाही, तरी कोट गेला?"

"गप्प बसलात ना, तेच केलंत," मालकीणबाई म्हणाल्या.

मुलगी उडी मारून स्टुलावर चढली.

"आई, बाबा, मी ठरवलंय! मी फ्रेंच सोडणार नाही. पुतळा कुठेही जाणार नाही. आणि उद्यापासून दुकान उघडायच्या आधी बाबांचा आणि टेपदादांचा तास. पुतळा नुसतं बघेल, आणि तुम्ही दोघांनी त्याला काहीही विकायचं नाही!"