डावा खांदा अर्धा इंच उतरता

गल्लीतल्या एकशे चाळीस माणसांच्या गालात मी काडी फिरवली, पण माझे सख्खे वडील काही तोंड उघडायला तयार होईनात.

त्या वर्षी कायदाच आला होता. देशातल्या प्रत्येकाचा डीएनए सरकारदरबारी जमा करायचा. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, नळीत बंद करून पाठवायची, आणि महिनाभरात घरी कागद यायचा. त्यावर यंत्रानं जुळवलेली रक्ताची नाती: अमुक वडील, अमुक भाऊ. मी दवाखान्यात नर्स, त्यामुळे आमच्या भागाचं काम माझ्याच गळ्यात पडलं. माझी स्वतःची नळी पहिल्याच दिवशी गेली होती. शुक्रवारी मुदत संपत होती आणि यादीत एकच रकाना रिकामा होता. आमच्या मोठ्या सिस्टर येता-जाता विचारत, "काय गं, वडील सापडले का?"

बुधवारी दुपारी मी पेटी घेऊन बाबांच्या दुकानात गेले.

ते दुकान आठवलं की आजही आधी वास येतो, गरम इस्त्रीखालच्या ओल्या लोकरीचा. समोर उंच आरसा, खिडकीशी शिलाई मशीन आणि मशीनच्या बाजूला एक बुटकं खोकं. त्या खोक्यावर बसून मी दहा वर्षं गृहपाठ केला. खडूचे उरलेले तुकडे माझ्या मालकीचे असत. तेवढी सुखी मी नंतर कधीच नव्हते, पण हे तेव्हा कोण सांगणार? दर वाढदिवसाला बाबा मला आरशासमोर उभं करत आणि बड्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारत, "बोला बाईसाहेब, यंदा काय शिवायचं?" मग मापं घेऊन जाड वहीत लिहीत. आई त्यांना चिडवायची, "सगळ्या जगाचे कपडे सरळ, आणि स्वतःच्या लेकीचे मात्र कायम डाव्या खांद्याला ओघळलेले." मीही तो खांदा जरा खाली सोडून चालायची, म्हणजे कपडा नीट बसायचा.

त्या वहीचा नियम कडक होता. एकाचं माप दुसऱ्याला सांगायचं नाही. बेकरीवाल्याच्या बायकोनं एकदा नवऱ्याच्या कमरेचा आकडा विचारला, तर बाबा म्हणाले, "वहिनी, ते रोज घरी येतात ना? त्यांनाच विचारा." कुणी कायमचं दुसरीकडे राहायला निघालं, की त्याचं पान कापून त्याच्या हातात द्यायचे. माप त्याचं, वही आपली, असं म्हणायचे.

"बाबा, तोंड उघडा," मी म्हटलं.

"माझे दात दुखत नाहीयेत."

"चेष्टा पुरे. यानं गुन्हेगार पकडले जातात. हरवलेली मुलं घरी येतात."

"येऊ देत की. हरवलेल्यांना जरूर शोधा. मी तर पन्नास वर्षं इथेच बसलोय." त्यांनी दातानं दोरा तोडला. "मी माप घेतो ते कपडा शिवायला. काय शिवायचं ते ठरलेलं नसताना अख्ख्या गावाची मापं घेऊन ठेवणारा शिंपी मी अजून पाहिला नाही."

मी जास्तच चिडले. "तुमचं होतं बोलणं, पण माझी नोकरी जाईल."

त्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "नोकरी जाईल?"

"जाऊ शकते."

हातातलं अस्तर त्यांनी घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "त्या कागदावर तुझ्या वडिलांच्या जागी माझं नाव येणार नाही. मी काडी दिलीच नाही, तर जागा नुसती कोरी राहील, असं वाटलं होतं."

मी पेटी खाली ठेवली.

"तुझी आई पहिल्यांदा दुकानात आली ती कोट सैल करून घ्यायला. तू पोटात होतीस. मी शिवण उसवून दोन बोटं सोडली. महिन्यानं परत आली, आणखी सोडली. तिसऱ्यांदा सोडायला कापडच उरलं नव्हतं. मी म्हटलं, आता नवाच शिवावा लागेल, आणि तुमची हरकत नसेल तर जन्मभर मीच शिवीन. तो माणूस कोण, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही."

आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मला रडू कोसळलं. रक्ताचं मला काहीच वाटलं नाही. इतकी वर्षं हा माणूस हे एकट्यानं सांभाळत बसला होता, त्याचं वाईट वाटलं.

"अजून एक आहे," म्हणत बाबांनी वही काढली आणि माझ्या पाचव्या वाढदिवसाचं पान उघडलं. "आमच्या घराण्यात सगळ्यांचा डावा खांदा अर्धा इंच उतरता. माझा, माझ्या वडिलांचा, आत्याचा. तुझे दोन्ही खांदे सारखे होते. तरी मी लिहिलं, डावा अर्धा इंच उतरता. दर वर्षी तेच लिहीत गेलो, तसेच कपडे शिवत गेलो. या वहीत एवढं एकच खोटं माप आहे. उभी राहा. तुमचा तो कागद यायच्या आधी मीच दुरुस्त करतो."

मी आरशासमोर उभी राहिले, पन्नाशीला आलेली बाई, नाक लाल झालेली. या वेळी त्यांनी बाईसाहेब म्हटलं नाही. कमरेला दोरी बांधली, दोरीपासून उजव्या खांद्यापर्यंत टेप नेली, मग डाव्या खांद्यापर्यंत. चष्मा पुसला. पुन्हा डाव्या खांद्यावर टेप धरली.

"सरळ उभी राहा."

"सरळच उभी आहे, बाबा."

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि काही न लिहिता परत तिथेच खोचली.

"अर्धा इंच," ते म्हणाले.

आरशात आम्ही दोघं एकामागे एक उभे होतो, दोघांचेही डावे खांदे उतरलेले. बाबांनी वही तशीच मिटली, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत जाऊन बसले आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"काढ तुझी काडी," म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.