दोन बार

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, परसवाडा गावाच्या पलीकडे तेजरामभाऊंच्या घरामागं मी भूकंपमापक पुरला, तेव्हा माझा रुबाब बघण्यासारखा होता. भारताची जमीन उत्तरेला सरकते आणि हिमालय उचलते. तोच दाब आपल्या सातपुड्याच्या जुन्या भेगांवरही येतो का, हे मला बारीक धक्क्यांवरून शोधायचं होतं. भाऊंना एक वही दिली. काही हादरलं की तारीख, वेळ लिहायची आणि मोबाइलवर फोटो पाठवायचा.

सहा महिन्यांत मशीनवर धक्केच धक्के. वहीतही तेच: 'दुपारी सव्वाएक. दोन बार. खिडकी वाजली.' म्हणजे दोनदा! यंत्र आणि माणूस एकच सांगतायत म्हटल्यावर मी हवेतच. परिषदेत ठासून सांगितलं, सातपुड्याखाली जिवंत भेग आहे.

मागच्या रांगेतून एका वयस्कर संशोधकानं विचारलं, "तुमचा भूकंप रविवारी सुट्टी घेतो का?"

सभागृह हसलं. डोंगराआड गिट्टीची खदान निघाली, रविवारी बंद असणारी. माझे धक्के तिथल्या सुरुंगांचे होते. त्याच संध्याकाळी मी मार्गदर्शकांना पत्र लिहून टाकलं, गावातल्या नोंदी भरवशाच्या नव्हत्या, त्यांच्यामुळंच माझी दिशाभूल झाली.

मशीन काढायला गेले तेव्हा भाऊंनाही सुनावलं, "खदानीचं लिहायला नको होतं का?"

भाऊ गोंधळले. वही उघडून त्यांनी बोट ठेवलं. "लिवलं ना मॅडम. रोजच लिवलं. खदानीत बार उडवतेत, तेच."

बार. सुरुंगाचा बार! बाबा विहीर खोदताना उडवलेल्या बारांच्या गोष्टी सांगायचे, मी शंभरदा ऐकल्यात. पण शाळा हिंदी, कामकाज हिंदी, आणि मी 'दोन बार' चक्क 'दो बार' असं वाचलं होतं. लाजेनं मान वर होईना.

भाऊंच्या बायकोनं, गोदाबाईंनी, चहा ठेवत सहज विचारलं, "तुमी तं बालाघाटच्या मराठीच ना?"

"त्यायले काहून बोलून राह्यली?" भाऊ तिच्यावर खेकसले. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "चूक माहीच हाय मॅडम. मले हिंदीत लिवाले पायजे होतं."

'नाही भाऊ, चूक माझी,' एवढंच म्हणायचं होतं. पण पत्र तर गेलं होतं.

"हौ," मी म्हटलं, "पुढच्या वेळी तसंच करा."