सिलिंडर खाली आहे

माझा स्वभाव तिखट, हे आधीच कबूल करते. देवासच्या आमच्या प्रयोगशाळेत अभिषेक माझा ज्युनियर. घरी मराठी, शाळा हिंदी, त्यामुळे त्याचं बोलणं म्हणजे आवळ्या-भोपळ्याची मोट. त्याचा एकही शब्द मी दुरुस्त केल्यावाचून सोडत नसे.

आर्गन वायूने भरलेल्या बंद काचपेटीत माझी तीन वर्षं होती: चिमूटभर पिवळे स्फटिक. मॅग्नेशियम एरवी दोन इलेक्ट्रॉन देऊन मोकळं होतं. मी त्याला एकावर थोपवलं होतं. नवरीला चार जाड्या आत्यांनी घेरावं तसे त्याच्याभोवती अवजड रेणू बसवले होते. पण हवा भारी चोंबडी, आत्यांच्या कोपरांतूनही शिरते आणि पिवळ्याचं पांढरं करून टाकते. सोमवारी इंदूरला क्ष-किरणांनी रचना सिद्ध झाली की पीएच.डी. पदरात. मुदत महिनाअखेरपर्यंतच होती आणि नवे स्फटिक करायला चार महिने लागले असते.

रविवारी मी धारला मावशीकडे बोडणाच्या पूजेला गेले. सोवळं नेसून बसणार, तोच अभिषेकचा फोन. मी सोवळ्यात, म्हणून मावसबहीण रुचाने तो माझ्या कानाशी धरला.

"ताई, आर्गन खतम होतोय! काटा लाल पट्ट्यात आहे."

"संपतोय म्हण."

"संपतोय. पेटीच्या हातमोज्याला छेद आहे, प्रेशर गेलं तर हवा आत येईल. दुसरा सिलिंडर?"

तो शनिवारीच आला होता. अभिषेक तेव्हा सुट्टीवर होता.

"खाली आहे."

"खाली?" त्याचा आवाज बारीक झाला.

"हो, खालीच. आता तू सांभाळ."

आम्ही सुवासिनी परातीभोवती बसलो. दूध, दही, तूप, मध, साखर कालवू लागलो. कुमारिका होती सात वर्षांची चिऊ. ती पुरे म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. आतल्या खोलीत फोन वाजायला लागला. थांबला. पुन्हा वाजला.

"चिऊबाई, पुरे का?" मी विचारलं.

"अजून दूध!"

फोन वाजतच राहिला. पण उठले असते तर मावशीचं बोडण मोडलं असतं.

तासाभराने चिऊ प्रसन्न झाली. हात धुऊन मी फोनकडे धावले. अकरा मिस्ड कॉल.

"ताई, सगळं केलं मी," अभिषेक रडत होता. "हातमोज्याला टेप लावला. गॅसवाल्याच्या घरी गेलो, तो बदनावरला गेलाय."

"गॅसवाला कशाला? सिलिंडर खाली होता ना!"

"हो ना. तुम्हीच बोललात. खाली."

हिंदीत खाली म्हणजे रिकामा.

"नीचे, अभिषेक," मी म्हणाले. तीन वर्षांत त्याच्याशी पहिल्यांदाच हिंदीत बोलत होते. "भरा हुआ है. सीढ़ी के नीचे."

पलीकडे त्याची पावलं जिना उतरत गेली, मग थांबली.

"स्फटिक?" मी विचारलं.

"सफेद झाले, ताई."

पांढरे म्हण, असं मी त्याला सांगितलं नाही.