दुसरं विचारणं

जमुनाबाईच्या घरी पहिल्या विचारण्यात कोणी हो म्हणत नसे. पोळी घ्या म्हटलं की ताटावर हात आडवा. दुसऱ्यांदा म्हटलं की हात जरा सरकायचा, मग पोळी पडायची. पहिल्याच खेपेला घेतो तो हावरा, आणि एकदाच विचारतो तो चिक्कू, असा तिचा कायदा. वलगाव रोडवरच्या त्या घरात आता पाहुणाच येत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

होती फक्त नात. अपेक्षा अकोल्याहून चार दिवसांसाठी म्हणून आली आणि पावसाळाभर राहिली. सारा वेळ लॅपटॉपपुढे.

"करते तरी काय तू?" जमुनाबाईनं एकदा विचारलंच.

"कंपन्या साधनं बनवतात आजी. तिकीट काढायचं, गोदाम बुक करायचं. ते आता माणूस नाही, यंत्र वापरते. एजंट म्हणतात त्याले. साधन कसं वापरायचं ते त्याच्यासाठी लिवलेलं असते. ते नीट लिवलं का नाही, हे मी तपासते. गुण देते."

"म्हणजे मास्तरीण! छडी कुठं हाय?"

"छडी कायले? ते बिचारं लिवलं तेवढंच समजते. मनातलं त्याले कळत नाही."

"मंग ते आपल्या घरात नांदत नाही," जमुनाबाई म्हणाली.

पोरगी खळखळून हसली. घरात असं कोणी हसलं की जमुनाबाईला जेवण गोड लागे. पण हे ती कोणाला सांगते!

एका दुपारी अकोल्याहून सुनेचा, रागिणीचा फोन आला. काम घरूनच करायचं, तर इकडे येऊन कर. अपेक्षानं फोन ठेवला. "आजी, जाऊ का राहू? तू म्हणशील तसं."

राहा, एवढाच शब्द. तोंडाशी आला आणि दातांनी अडवला. "मले काहून विचारते? तुही माय वाट पाहून राहिली तिकडं."

अपेक्षा कामाकडे वळली. प्रवासाच्या तिकिटांचं साधन होतं. तोंडानं सांगायचं, एजंट तिकीट काढणार. थोड्या वेळानं म्हणाली, "वयस्कर माणसाचा आवाज पायजे. आजी, बोल ना काही त्याच्याशी."

जमुनाबाई आतून फणफणत होती. पोरीनं दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. तिनं लॅपटॉपकडे तोंड केलं. "या पोरीचं उद्या सकायचं अकोल्याचं तिकीट काढ बाबा. होऊ दे मोकळी एकदाची."

यंत्रानं काढलं. चाचणीपुरतं नव्हे, खरंखुरं, अपेक्षाच्या नावावर. मोबाइल वाजला तशी ती दचकली आणि साधनाच्या माहितीची पानं चाळू लागली.

"पाह्य आजी! खरं तिकीट कोणतं, चाचणीचं कोणतं, कुठं लिवलंच नाही. काढायच्या आधी विचारा, हेबी नाही. पाचपैकी एक गुण!" आणि शेरा लिहिता लिहिता तिनं मोठ्यानं वाचला, "तिकीट काढण्यापूर्वी माणसाला दोनदा विचारावं."

दोनदा म्हणाली! जमुनाबाईच्या जिवात जीव आला. शेवटी पोरगी आपल्याच घरची.

"करू का रद्द तिकीट?" अपेक्षानं विचारलं.

"काढलं तं काढलं. जाय."

म्हणाली आणि सुपात तुरीची डाळ घेऊन निवडायला बसली. डोळे सुपात, कान पोरीकडे. खड्याऐवजी चांगली डाळच निवडून फेकू लागली. अपेक्षाची बोटं थबकली होती, एवढं तिला न बघताही कळलं.

"बरं," अपेक्षा म्हणाली आणि बॅग भरायला आत गेली.

यंत्रानं दोनदा विचारावं, आणि आजीला एकदाच! पण हे बोलायचं कुणी?

सकाळी ऑटो दारात आला. जमुनाबाईनं भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला. अपेक्षा पाया पडली, ऑटोत बसली. तिचे डोळे भरल्यासारखे दिसत होते, पण सकाळचं ऊनही तोंडावर होतं.

"आजी, येते का स्टँडवर सोडाले?"

"मले काय काम तिथं?"

"बरं. पोचली का फोन करते." ऑटो निघाला, वळणावर गेला, दिसेनासा झाला.

शेजारची नईमा अंगण झाडत होती. जमुनाबाईचं इस्त्रीचं लुगडं, मुठीतली घराची किल्ली पाहून ती म्हणाली, "कुठं निघाल्या जमुनाबाई, सकाळी सकाळी?"

"कुठंच नाही बाई. चपला कडक झाल्या होत्या, जराशा पायात घालून पाह्यल्या."