बेचाळीस पट्ट्यांचा नकाशा

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमध्ये ताहिराचा टेस्ट-दिवा सगळ्यांना ठाऊक होता. एक होल्डर, एक बल्ब, दोन वायरी, दोन चिमटे आणि एक छोटी बॅटरी, बस! अब्बांनी दुकान तिच्या हवाली केलं तेव्हा हा दिवाही दिला आणि सांगितलं, दिवा लागला की काम झालं. वीस वर्षं ती हेच करत आली. टेललाइट असो की ब्रेकचा स्विच, दिवा लागला की हात पुसायचे आणि पुढची गाडी घ्यायची. आता असल्या सवयीत कुणी काय खोट काढणार? पण घात तिथंच झाला.

वसुंधरा कर्णिक ही पनवेलची एक हट्टी बाई. बँकेतली चांगली नोकरी सोडून सहा वर्षं ती खारजमिनीतले जुने भात गोळा करत हिंडली. कुणाच्या कणगीतून ओंजळभर, कुणाच्या मडक्यातून मूठभर, असे बेचाळीस प्रकार तिनं जमवले. मोरा गावच्या एका म्हातारीनं मडकं खरवडून दिलेला तांबडा तर जेमतेम एक मूठ होता, आणि ती म्हातारी यंदाच्या थंडीत गेली. गेल्या वर्षी वसुंधराताईंनी कोन गावातल्या शेतात प्रत्येक पट्ट्याला नावाची खुंटी ठोकली, तर पोरांनी क्रिकेटच्या स्टंपांसाठी निम्म्या खुंट्या उपटून नेल्या! कुठला भात कुठला, काही कळेना. पुन्हा दारोदार हिंडून बियाणं मागून आणावं लागलं.

म्हणून यंदा त्यांनी पेरणी यंत्राला जीपीएस बसवलं. हिशेब सोपा होता. यंत्र जमिनीला टेकलं की स्विच चालू व्हायचा, स्क्रीनवर रेघ सुरू व्हायची आणि रेघेला नंबर पडायचा. यंत्र उचललं की रेघ बंद. कोणत्या नंबरला कोणतं पाकीट, ते ताईंच्या वहीत. नकाशा काय कुणी उपटून नेत नाही, असं म्हणून त्या हसल्याही होत्या. स्विच जोडून द्यायला विक्रेत्याचा माणूस महिनाभर फिरकला नाही, तेव्हा कुणीतरी ताहिराचं नाव सुचवलं.

ताहिरानं काम मनापासून केलं. ट्रकच्या ब्रेकलाइटचा मजबूत स्विच घेतला, यंत्राच्या दांड्यावर बसवला, वायरीला दोनदा टेप गुंडाळली. यंत्र दुकानात दोन पिंपांवर चढवून ठेवलं होतं, ट्रकचा मागचा भाग जॅकवर घेतात तसं. चिमटे लावले आणि दिवा लखकन लागला. तिनं हात पुसले.

शनिवारी पेरणी झाली. ट्रॅक्टर काशिरामचा, तो कोनचाच. ट्रॅक्टरला लगेच वळता येत नाही, म्हणून स्क्रीनवरचा बाण दाखवेल तसा तो एक पट्टा सोडून पुढचा, मग परत येऊन मधला, असा फिरत राहिला. ताई मागं बसून एकेक पाकीट ओतत होत्या. सगळं बी जमिनीत गेलं. घरी दाणासुद्धा ठेवला नाही, इतका त्यांचा त्या नकाशावर विश्वास! मग शेताला हलकं पाणी दिलं.

गुरुवारी दुपारी ताईंचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"ताहिरा, नकाशा कोरा आहे गं."

"कोरा म्हणजे?"

"शेत कोरं. फक्त दोन्ही टोकांना बांधाजवळ काहीतरी गिरगोट्या आहेत. हेल्पलाइनवाला म्हणतो, वरून मोठ्या लाइनच्या तारा गेल्यात, सिग्नल गेला असेल. तू एकदा येऊन बघ. शेवटचं."

ताहिरा स्कूटरवर कोनला पोचली. पेरणी यंत्र ट्रॅक्टरवरून उतरवून बांधाकडेला ठेवलं होतं, आणि ट्रॅक्टरला माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर लागला होता.

"हे कशाला, काशिरामकाका?"

"बाय म्हनतात, मोडून टाक सगला. मी काय बोलनार? चार वाजता मना दुसरीकडं जायाचा हाय."

ताई बांधावर उभ्या होत्या. डोळे रडून सुजलेले. "नावाशिवायचा भात मला नको," त्या म्हणाल्या. "उद्या कुणी यातलंच बियाणं घेऊन जाईल आणि माझ्या नावावर भलतंच पसरेल. तू बघून घे. काही नसेल तर मोडते."

ताहिरा यंत्रापाशी बसली. चिमटे लावले. यंत्र जमिनीवर टेकलेलं, पण दिवा लागेना. तिनं दांडा हातानं वर उचलला. लागला. सोडला. विझला.

या अल्ला! दुकानात यंत्र पिंपांवर होतं. वर असताना दिवा लागला आणि ती खूश झाली. लागायला हवा होता तो खाली असताना! ब्रेकलाइटचा स्विच घेतला आणि जोडला उलटा. तारांचा दोष नाही, सिग्नलचा नाही. दोष तिचा.

"काही सापडलं का?" ताईंनी वरूनच विचारलं.

आणि ताहिराच्या तोंडून निघून गेलं, "नाही ताई. सिग्नलच गेला असेल."

का बोलली ती असं? अख्ख्या टर्मिनलमध्ये बाईच्या हातचं वायरिंग म्हणून जी माणसं नाक मुरडायची, ती सगळी एका क्षणात तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. खोटं बोलायला तेवढं पुरलं. मान खाली घालून ती उगाच वायर गुंडाळत बसली.

ताईंनी हात हलवला. काशिरामनं ट्रॅक्टर शेतात घातला.

रोटाव्हेटर घरघरत बांधाच्या कडेनं गेला. ताहिरा वायर गुंडाळत होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. वर असताना चालू, खाली असताना बंद. म्हणजे त्या टोकांच्या गिरगोट्या ही वळणं. यंत्र उचलून वळताना काढलेली. प्रत्येक वळण जिथं थांबतं, तिथंच यंत्र खाली टेकलं. तिथंच पट्टा सुरू झाला. आणि शेतात शिरतानाची पहिली रेघ धरून वळणांना नंबर पडलेले असणार, ओळीनं, एक ते बेचाळीस!

नकाशा गेला नव्हता. उलटा होता, इतकंच.

ती उठली आणि ओरडत धावली. "थांबा! काका, थांबा! बंद करा!" ढेकळांवरून अडखळत ती ट्रॅक्टरसमोर जाऊन उभी राहिली. काशिरामनं शिवी हासडून ब्रेक मारला. तोवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी पुरी झाली होती.

"मी खोटं बोलले," ती ताईंना म्हणाली. श्वास पुरत नव्हता. "सिग्नल नाही गेला. मी उलटं जोडलं. मघाशी कळलं मला, तरी बोलले नाही. पण नकाशा आहे, ताई. खुदा की कसम, सगळा आहे."

ताईंनी पिशवीतून स्क्रीन काढून तिच्या हातात दिली. ताहिरानं बोटानं एक वळण मोठं केलं. सात नंबर. जिथं रेघ तुटली होती तिथं दोघी पावलं मोजत गेल्या आणि ताईंनी बोटानं माती उकरली. चार बोटं अलीकडे काहीच नाही. रेघेच्या टोकाला मात्र दाणे सुरू झाले, पांढरे मोड फुटलेले, एका ओळीत.

"असतील," ताई हळूच म्हणाल्या. "सगळे असतील." त्यांनी तोंडावर पदर धरला आणि ढसाढसा रडल्या. काशिराम खाली उतरला. "वलताना स्क्रीनवर कडंलाच रेघ येत व्हती गो बाय," तो म्हणाला. "मना वाटला, असाच असतो."

जरा वेळानं ताईंनी डोळे पुसले, वही उघडली आणि नांगरलेल्या पट्ट्याकडे बघत विचारलं, "हा कितवा?"

ताहिराला स्क्रीनकडे बघवेना. पण बघावं तर लागणारच होतं. बांधाकडेचं वळण, त्यावरचा आकडा. "एकेचाळीस."

ताईंनी वहीत बोट फिरवलं. एकेचाळीसवर ते थांबलं आणि तिथंच राहिलं. मग त्यांनी वही ताहिरापुढे धरली. तिथं लिहिलं होतं, मोऱ्याचा तांबडा.

ताईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ताहिरानं चपला काढल्या आणि त्या मऊ, फिरवलेल्या मातीत गुडघे टेकले. ओंजळीनं माती उचलून ती बोटांतून सोडू लागली. तुटलेले मोड हाताला लागत होते, फुटलेली टरफलं लागत होती. काशिरामनं दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. थोड्या वेळानं ताईही खाली बसल्या, तिच्याशेजारी. त्यांनी मांडीवर ओला रुमाल पसरला.

"एक जरी सापडला तरी मला सांग," त्या म्हणाल्या. "आणि आता खरं सांग."