कोपरा फाटलेलं पत्र

मी एक जुनी तार आहे, मित्रांनो. विजेची नव्हे, आणि पोस्टातून धावत येणारीही नव्हे. खिळ्याला लटकणारी, वर टोक आणि खाली लाकडी चकती असलेली, घरातली पत्रं अंगात टोचून घेणारी तार. देवळाली प्रवऱ्याच्या श्रीमंतरावांनी मला पकडीने वाकवून घडवलं. अंगावर गंज चढलाय, पण आठवण शाबूत आहे.

श्रीमंतरावांची बायको विजयमाला शाळेत शिकवायची आणि ऊस तोडणाऱ्या बायकांच्या गोष्टी लिहायची. एक गोष्ट मासिकात छापून आली, आणि काय सांगू, थेट प्राग शहरातून योहाना नावाच्या बाईंचं पत्र आलं. मराठी शिकलेली बाई! तिला त्या गोष्टी तिकडच्या भाषेत न्यायच्या होत्या. 'कोपी म्हणजे कसली झोपडी? तिला दार असतं का?' असं ती विचारायची. मग विजयमाला पाथर्डीकडून तोडीला आलेल्या कडूबाईला बोलवायची.

"दार कशाचं, बाई? उसाच्या पाचटाची कोपी ती. पोतं लावलं की झालं दार," कडूबाई हसायची. तेच उत्तर प्रागला जायचं. दोन देशांतल्या तिघी मिळून एक पुस्तक घडवत होत्या आणि त्यांची पत्रं माझ्या अंगावर होती. मी भारी मिरवायची.

प्रत्येक पत्राच्या शेवटी 'सासूबाईंना नमस्कार' असायचा. सासूबाई म्हणजे गोजरबाई. त्यांना वाचता येत नसे, पण परदेशी तिकीट लांबून ओळखू यायचं. "माझ्या बाईचं आलं," म्हणायच्या.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली आणि टपाल रखडलं. त्याआधीच योहानाबाईंनी कळवलं होतं, 'इथली एक संस्था पुस्तक छापेल. संमतीचा कागद पाठवते. मार्चअखेर सही होऊन परत आला पाहिजे.' विजयमालाला दिवस गेलेले. तरी शाळेतून आली की ती आधी मला चाळायची, मग पाणी प्यायची.

फेब्रुवारीत पत्र आलं तेव्हा ती शाळेत होती. पोस्टमन सहादेवने ते अंगणातच गोजरबाईंच्या हाती दिलं आणि सायकल पुढे काढली. वाटेत कुठेतरी पाकिटाचा कोपरा फाटला होता.

मित्रांनो, आमच्याकडे कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे कुणी गेल्याची खबर. ते उंबऱ्याच्या आत आणत नाहीत, बाहेरच वाचून फाडून टाकतात. गोजरबाईंनी परदेशी तिकीट ओळखलं. "माझी बाई गेली गं! आता ह्या दोन जिवाच्या पोरीला कसं सांगू?" पत्र न उघडताच त्यांनी तुकडे केले, पाटाच्या पाण्यात सोडले, डोक्यावरून अंघोळ केली आणि तोंड मिटलं. मी भिंतीवरून पाहत होते. ओरडणार कशी?

मार्च सरला. एप्रिलात मुलगी झाली. मे महिन्यात दुसरं पत्र आलं, धड कोपऱ्यांचं. विजयमालाने मोठ्याने वाचलं, 'सही आली नाही. जागा दुसऱ्या पुस्तकाला गेली. माझं काही चुकलं का?'

गोजरबाईंच्या हातातलं सूप पडलं. "बाई जित्ती हाय?"

मग सगळं बाहेर आलं. "तुला धक्का बसंल म्हून बोलले न्हाई. मीच मातेरं केलं गं!" विजयमाला ते पत्र घेऊन माझ्याकडे आली. भांडली असती तर बरं झालं असतं. पत्र लावताना माझं टोक तिच्या बोटात घुसलं, तेही तिला कळलं नाही.

आठ दिवस तिने कागदाला हात लावला नाही. नवव्या दिवशी गोजरबाईच पेन घेऊन पुढ्यात बसल्या. "लिही. योहानाबाई, चूक माझी हाय, पोरीची न्हाई. तुमी गेलात समजून मी तुमच्या नावानं अंघोळ केली. तुमी हायेत, लई बरं झालं. तिच्या गोष्टी सोडू नका." लिहिता लिहिता विजयमाला पहिल्यांदा रडली.

त्याला वर्ष होईल. उत्तर आलेलं नाही. यंदा पाटही कोरडा आहे. मित्रांनो, एवढंच मागते: कागद कसाही फाटून येवो, आधी वाचा. त्याच्यामागे कुणीतरी वाट पाहत असतं.

परवा पुन्हा कोपरा फाडलेलं कार्ड आलं. गोजरबाईंनी ते दोन्ही हातांनी धरून उंबऱ्याच्या आत आणलं आणि सुनेला म्हणाल्या, "आधी वाच." त्यांचा सख्खा भाऊ गेला होता. त्या रडल्या, अंघोळ करून आल्या. पण कार्ड फाडलं नाही. माझ्यावर लावलं, योहानाबाईंच्या पत्राच्या वर.